व्हॉट्सॲपचा गट ही शेतकऱ्याची शाळा कशी होईल?

राजुरीहून आळेफाट्याकडे किंवा बेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें सकाळीं निघालें असतां दूध घालावयास आलेल्या मंडळींच्या एका हातांत किटली व दुसऱ्या हातांत मोबाईल दिसतो. रात्रभरांत गटावर काय काय आलें तें पाहण्याची ही वेळ. कोणी टोमॅटोच्या पानाचें चित्र टाकून "काय मारावें?" एवढेंच विचारलेलें असतें; त्याखालीं नऊ जणांनीं नऊ औषधें सुचविलेलीं असतात; मध्येंच देवाचें चित्र, एका लग्नाचें निमंत्रण, नारायणगांवचा कालचा बाजारभाव, आणि कोठल्याशा मळ्यांत बिबट्या दिसल्याची वार्ता. या गर्दींतून शेतकरी कांहीं शिकतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर आम्ही आरंभींच सांगून टाकतों. शेतकरी या साधनानें शिकूं शकतो. परंतु आज जसें तो तें वापरतो तसेंच वापरीत राहिल्यास फार थोडें शिकेल, आणि केव्हां केव्हां चुकीचें शिकेल. टोमॅटोच्या एका एकरास रोपें, मल्चिंगचा कागद, बांबू, तार, सुतळी, खतें, औषधें आणि मजुरी यांपायीं पहिलें फळ तोडण्यापूर्वींच जो पैसा घालावा लागतो, तो ज्यानें घातलेला आहे त्यास चुकीच्या सल्ल्याची किंमत आम्हीं वेगळी सांगावयास नको.

दूरच्या माणसाचा शब्द गांवांत आणून त्यावर शेतकऱ्यांस शिकवावें, ही कल्पना पुष्कळांस अगदीं नवी वाटते. आपल्या पुणें भागापुरतें बोलावयाचें तर ती निदान १९५६ सालाइतकी जुनी आहे. कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांचे रेडिओ-गट चालत असत. त्याच धर्तीवर आकाशवाणीनें, युनेस्कोच्या साहाय्यानें, पुणें केंद्रावरून पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवांसाठीं १९५६ सालीं एक प्रयोग केला. गांवोगांव पंधरा-वीस जणांचा एक श्रोतृगट बसविला. त्यास एक अध्यक्ष व एक चिटणीस. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे. कार्यक्रम संपला म्हणजे रेडिओ बंद करावयाचा आणि जें ऐकलें त्यावर आपसांत बोलावयाचें. निघालेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावयाचे, व त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांतून यावयाचीं.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची परीक्षा केली, आणि तिची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. गट असलेलीं गांवें, रेडिओ आहे पण गट नाहीं अशीं गांवें, आणि दोन्हीहि नाहींत अशीं गांवें निवडून तेथील लोकांस प्रयोगापूर्वीं व प्रयोगानंतर प्रश्न विचारण्यांत आले. गटांच्या गांवीं लोकांचें ज्ञान ठळकपणें वाढलेलें आढळलें. नुसता रेडिओ असलेल्या गांवीं वाढ फारच थोडी. जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूरथ यांचा या प्रयोगावरील ग्रंथ युनेस्कोनें १९५९ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हां ज्यांना असें वाटतें कीं, घरोघर मोबाईल आला म्हणजे शिक्षण आलें, त्यांनीं हा निकाल पाहावा. रेडिओ दोन्हीकडे होता. शिकलीं तीं मंडळी जीं ऐकून उठून गेलीं नाहींत, बसून बोललीं.

आजच्या साधनांत त्या काळीं नसलेली एक शक्ति आहे. १९५६ सालचा शेतकरी प्रश्न लिहून पाठवूं शके, परंतु आपलें पान दाखवूं शकत नसे. आज राजुरीच्या शिवारांत उभें राहून काढलेलें चित्र त्याच घटकेस नारायणगांवच्या कृषि विज्ञान केंद्रांत, राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत, कांद्याचें असल्यास राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेंत, द्राक्षाचें असल्यास मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांत पोहोंचूं शकतें. नव्या किडींच्या बाबतींत या वेगाचें महत्त्व फार आहे. टोमॅटोवरील नागअळी, जिला शास्त्रज्ञ टुटा ॲब्सोल्युटा म्हणतात, ती भारतांत प्रथम आढळली ती २०१४ सालीं, आणि तीहि आपल्याच पुणें भागांत. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्यें कर्नाटकांत दिसली आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत उतरली. अशा वेळीं छापील पत्रक निघून गांवांत येईपर्यंत पीक अर्धें खाऊन होतें. 'होय आम्ही शेतकरी' यासारख्या समूहांत जेथें जाणते तज्ज्ञ व शेतकरी एकत्र आहेत, तेथें अशा किडीची ओळख लवकर पसरते. राजुरीसारख्या दुभत्याच्या गांवीं तर मका हें गाईंच्या तोंडचें अन्न. त्यावरील अळी म्हणजे दुधाचाच प्रश्न.

पण पाहणारा कितीहि जाणता असला तरी चित्र बोललें पाहिजे. आमच्या पाहण्यांत येणाऱ्या चित्रांपैकीं बहुतेक मुकीं असतात. म्हणून प्रश्न विचारावयाचा कसा, हाच या पाठाचा मुख्य भाग आम्ही समजतों आणि त्यावरच अधिक लिहितों.

टोमॅटोच्या पानावर पांढरट रेघा दिसल्या म्हणजे "नागअळी आली" असें सर्वच म्हणतात. परंतु रेघ पाडणारे प्राणी दोन आहेत. जुनी ओळखीची नागअळी ही एका बारीक माशीची अळी. तिची रेघ अरुंद, वेडीवांकडी, सापाच्या वाटेसारखी असते, आणि तीवरूनच तिला हें नांव पडलें. टुटा ही पतंगाची अळी. ती पानाच्या दोन पडद्यांमधील गर खाऊन रुंद, वेडावांकडा फोड पाडते, त्यांत काळी विष्ठा सांठलेली दिसते, आणि ती पान सोडून शेंड्यांत व देंठाजवळून फळांतहि शिरते. पहिलीनें पान जातें, दुसरीनें फळ जातें. दोहींचे उपाय एक नाहींत. टुटाच्या पतंगांसाठीं कामगंध सापळे लावतां येतात, ते माशीस उपयोगी नाहींत. आतां हा फरक चित्रांत उमटावा कसा? पान तोडून उन्हाकडे धरावें आणि उजेड पाठीमागून येईल असें चित्र घ्यावें. फोडांतील अळी व विष्ठा स्पष्ट दिसते. पानाच्या दोन्ही बाजू घ्याव्या. शेजारीं एक रुपयाचें नाणें ठेवावें, म्हणजे आकार कळतो. त्यानंतर संपूर्ण झाडाचें एक आणि चार-सहा सऱ्यांचें एक अशीं चित्रें द्यावीं, कारण रोग एका झाडास आहे, पाटाच्या कडेनें आहे कीं सर्वत्र विखुरलेला आहे, यावर निम्मा निदान असतो.

मक्याच्या लष्करी अळीचेंहि तसेंच. पोंग्यांत भुसा दिसला एवढ्यावर तज्ज्ञ सांगूं शकत नाहीं. अळी बाहेर काढून तिचें डोकें व शेपटाकडील भाग जवळून घ्यावा. डोक्यावर इंग्रजी वाय हें अक्षर उलटें ठेवल्यासारखी फिकट खूण, आणि मागील टोंकाजवळ चौकोनांत बसलेले चार ठळक काळे ठिपके असले तर ती हीच.

पान पिवळें पडल्याचे प्रश्न सर्वांत अधिक येतात व सर्वांत अपुरे असतात. तोडलेल्या एका पानाचें चित्र टाकून "कशाची कमतरता?" असें विचारतात, परंतु तें पान झाडाच्या खालचें कीं शेंड्याचें हें सांगितलें नाहीं तर राहुरीच्या प्राध्यापकासहि तें ओळखणें कठीण. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडणें हें लक्षण मॅग्नेशियमच्या कमतरतेंत आधीं जुन्या पानांवर येतें आणि लोहाच्या कमतरतेंत कोंवळ्या पानांवर. मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यास देऊं शकतें, लोह तसें हलवूं शकत नाहीं, हें त्याचें कारण. म्हणजे "खालचें पान" या दोन शब्दांवर कोणतें खत विकत आणावयाचें तें ठरतें.

चित्राबरोबर पांच गोष्टी लिहाव्या: पिकाची जात, लावणीची तारीख, शेवटचें पाणी केव्हां दिलें, मागील पंधरा दिवसांत काय फवारलें, आणि शंभर झाडें मोजून त्यांपैकीं कितींवर लक्षण आहे. ही शेवटची मोजणी आमच्या बंधूंस कंटाळवाणी वाटते. पण "पुष्कळ झाडांवर" असें लिहिणारा दहा झाडें म्हणतो कीं साठ, तें उत्तर देणाऱ्यास कसें कळावें? आणि आमचा असा अनुभव आहे कीं, मोजावयास गेलेल्या माणसास अर्धें उत्तर तेथेंच सांपडतें.

आतां उत्तर वाचावें कसें. पहिली गोष्ट, उत्तर देणारा कोण हें पाहावें. गटांत दुकानदार असतात, कंपन्यांचे प्रतिनिधि असतात. त्यांनीं असूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं, त्यांपैकीं कित्येक चांगले जाणकार असतात. मात्र विकणाऱ्याचा सल्ला विकणाऱ्याचा म्हणून घ्यावा. दुसरी गोष्ट, औषधाचें व्यापारी नांव न घेतां आंतील घटकाचें नांव विचारावें. दोन निरनिराळ्या नांवांच्या डब्यांत एकच घटक असतो, आणि दोघांचे सल्ले मानून दोन्ही एकत्र मिसळणारा शेतकरी नकळत दुप्पट मात्रा मारतो. एकाच प्रकारें काम करणारें औषध पुन्हां पुन्हां मारल्यास अळी त्यास दाद देईनाशी होते, हेंहि घटक ठाऊक असल्यावांचून टाळतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वयें प्रत्येक औषधाची नोंदणी ठराविक पिकासाठीं व ठराविक किडीसाठीं होते. डब्याबरोबर मिळणाऱ्या पत्रकांत तें पीक, ती कीड, मात्रा आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबावें तें दिलेलें असतें. गटांवरील उत्तर या पत्रकाशीं जुळलें नाहीं तर पत्रक खरें मानावें. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश आढळल्यामुळें भारतीय द्राक्षें युरोपांत अडकलीं, आणि त्याचा फटका द्राक्ष-बागायतदारांस बसला, ही गोष्ट आपल्या भागांतील बागायतदार विसरले नसतील. डब्यावरील चौकोनाचा रंगहि पाहावा. लाल तो सर्वांत अधिक विषारी, मग पिवळा, निळा व हिरवा. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. "दोन-तीन औषधें एकत्र करून मारा, जोरांत काम होतें" असा संदेश पुढें पाठविण्यापूर्वीं पाठीवर पंप घेणारा माणूस कोण आहे, तें आठवावें. बहुधा तो संदेश पाठविणारा नसतो.

खोट्या वार्तेविषयीं थोडेंच लिहितों, कारण तीवर सर्वांचें बोलून झालें आहे. तरी एक उदाहरण अगदीं आपल्या घरचें आहे. २०२० च्या उन्हाळ्यांत, टाळेबंदी चालू असतां, पुणें, सातारा व नगर (आतां अहिल्यानगर) या जिल्ह्यांच्या कांहीं भागांत टोमॅटो एकसारखा न पिकतां लाल, पिवळा व हिरवा असा मिश्र रंगाचा होऊं लागला. लोकांनीं त्यास 'तिरंगा' म्हटलें. लगेच, हा विषाणु माणसासहि बाधतो, अशी आवई उठली व ती मोबाईलवरून गिऱ्हाइकापर्यंत गेली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनें नमुने तपासले तेव्हां मुख्यत्वें काकडीवरील मोझॅकचा विषाणु निघाला. वनस्पतींचा हा विषाणु माणसास बाधत नाहीं. पण नुकसान त्यापूर्वींच होऊन गेलें होतें. निरोगी मालहि लोक घेईनात. त्याच वर्षीं फेब्रुवारींत कोंबडीच्या मांसानें कोरोना होतो या अफवेनें कुक्कुटपालक बुडाले. आणि १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावानें ठार केलें. त्यानंतर व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास बंधन घातलें. तें बंधन कंपनीनें घालण्यापेक्षां आपलें आपण घातलेलें बरें.

'तिरंगा'च्या प्रकरणांत शिकण्यासारखें दुसरेंहि कांहीं होतें, आणि तें अफवेच्या गोंगाटांत बुडालें. हा विषाणु माव्यामार्फत पसरतो. ज्यांनीं तें जाणलें त्यांनीं मावा व बांधावरील तण यांकडे लक्ष दिलें. ज्यांस गटावर "बुरशीनाशक मारा" असें सांगण्यांत आलें त्यांचे पैसे फुकट गेले, कारण विषाणूवर बुरशीनाशक चालत नाहीं.

बाजारभावाचे व्हिडिओ हा आणखी एक मोहाचा विषय. जुलै २०२३ मध्यें नारायणगांवच्या बाजारांत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला आणि टोमॅटोनें कोट्यधीश झालेल्या शेतकऱ्यांच्या कथा देशभर फिरल्या. त्या खऱ्या होत्या. त्या पाहून ज्यांनीं लावणी केली त्यांचा माल बाजारांत येईपर्यंत भाव कोसळलेले होते, हेंहि तितकेंच खरें. पण त्याचे व्हिडिओ कमी लोकांनीं पाहिले. यशाची कथा सांगणाऱ्या प्रत्येक व्हिडिओस तीन प्रश्न विचारावे: खर्च किती झाला, माल कोणत्या आठवड्यांत विकला, आणि मागील तीन वर्षांत याच शेतकऱ्यास काय मिळालें. उत्तरें नसतील तर ती करमणूक समजून पाहावी. त्यास आमची हरकत नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या गांवांत गोठा बहुतेक घरीं बायका पाहतात. गाय पान्हा चोरते, सडास सूज आली, दुधांत गांठी दिसल्या, हें प्रथम त्यांच्या बोटांस कळतें. पण गटांत नांव असतें घरच्या धन्याचें. तो संध्याकाळीं घरीं विचारतो, अर्धें विसरतो आणि गटावर लिहितो, "गाय दूध कमी देते." याला पशुवैद्यानें काय उत्तर द्यावें? दुभत्याच्या गटांत काकू-वहिनींचीं नांवें घातलीं पाहिजेत. आणि त्यांस लिहावयाचा संकोच वाटत असेल तर बोलून संदेश पाठविण्याची सोय मोबाईलवर आहेच.

मुलांसंबंधीं. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या तेव्हां शिक्षकांनीं व्हॉट्सॲपवरून पाठ पाठविले. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनेंहि रोजचा अभ्यास याच मार्गानें पोहोंचविला. परंतु मोबाईल घरांत एक, आणि तो दिवसभर बापाबरोबर मळ्यांत. मुलास तो हातीं येई रात्रीं नऊ वाजतां. पुष्कळ घरीं हेंच झालें. आज शाळा भरतात, तरी घरचा मोबाईल मुलाच्या हातीं कोणत्या तासास व कशासाठीं द्यावा हा प्रश्न राहिलाच आहे. आमची सूचना अशी कीं, वरील पांच गोष्टी लिहिण्याचें, शंभर झाडें मोजण्याचें व चित्र काढण्याचें काम घरच्या आठवी-नववींतल्या मुलामुलींकडे द्यावें. त्यांचें गणित, शास्त्र व लेखन एकाच वेळीं होतें, आणि बापाचा प्रश्न नीट लिहिला जातो. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेंत रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून मोबाईल शिकविण्याच्या कामीं लावला व २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांचेंहि काम लहान गांवांतलेंच होतें.

शेवटीं बैठकीविषयीं, कारण १९५६ च्या प्रयोगाचा सर्व भार तिच्यावर आहे. दहा-पंधरा शेजारी शेतकऱ्यांनीं आठवड्यांतून एका ठराविक संध्याकाळीं देवळांत किंवा दूध संकलनाच्या ओट्यावर बसावें. एकानें चिटणीस व्हावें. आठवड्यांत गटावर आलेल्या प्रश्नांपैकीं फक्त एक निवडावा. त्यावर आलेलीं सर्व उत्तरें मोठ्यानें वाचावीं. ज्याचें पीक त्यानें काय केलें व काय झालें तें सांगावें. एक शंभर पानी वही ठेवावी. तींत तारीख, प्रश्न, आलेलें उत्तर, उत्तर देणाऱ्याचें नांव, केलेला उपाय, खर्च आणि पंधरा दिवसांनीं दिसलेला परिणाम एवढेंच लिहावें. मोबाईलवरील संदेश चार दिवसांत वर सरकतो आणि पुढल्या हंगामांत सांपडत नाहीं, वही सांपडते. एखादें नवें टॉनिक किंवा पानावरून देण्याचें खत कोणी सुचविलें तर चार सऱ्या त्यावांचून सोडाव्या व त्यांचीं फळें वेगळीं मोजावीं. हें किडीच्या औषधाच्या बाबतींत मात्र करूं नये, कारण सोडलेल्या सऱ्यांतून कीड सर्व शेतांत जाते. जेथें बैठकींतहि उलगडा होत नाहीं तेथें किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे. तो २००४ पासून चालूं आहे, त्यास पैसे पडत नाहींत, आणि उत्तर मराठींत मिळतें.

आरंभ करण्यास उन्हाळी कांद्याचें रोप हा विषय आम्हांस सोईचा वाटतो. बीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पडतें, सर्वांच्या वाफ्यांत एकाच सुमारास उगवतें, आणि रोपें जमिनीलगत कुजून कोलमडण्याचा त्रास सर्वांसच होतो. पहिली बैठक बीं टाकण्यापूर्वीं घ्यावी. कोणी गादीवाफ्यावर बीं टाकणार, कोणी सपाट वाफ्यांत. कोणी बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळणार, कोणी नाहीं. ज्यानें त्यानें तें वहींत लिहावें, आणि वीस दिवसांनीं प्रत्येकाच्या वाफ्यांतील एक हात लांब व एक हात रुंद जागेंतलीं उभीं रोपें मुलांकडून मोजवून तो आंकडा त्यापुढें मांडावा.